आयशा: एका नावाचे सगेसोयरे

मुलींच्या अरबी नावांवरचे प्रश्न आम्ही एरवी पाच-सहा नावं मिळून घेतो. या वेळी सगळं पान एकाच नावाला दिलं आहे. नाव ओळखीचं, घरोघरी ऐकलेलं. तरी नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ जितका भरकटलेला दिसतो तितका क्वचितच एखाद्याचा भरकटला असेल.

नातीचं नाव आयेशा ठेवलं. एका यादीत अर्थ ‘समृद्ध’ दिला आहे, दुसरीत ‘सुंदर’, तिसरीत ‘राणी’. खरा कोणता धरायचा? — एक आजोबा, दापोली

तिन्ही सोडा. अर्थ आहे ‘जगणारी’.

अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या धातूवर उभा असतो. इथला धातू आहे ऐन-ये-शीन, म्हणजे जगणं. ‘आश’ म्हणजे तो जगला, ‘यईशु’ म्हणजे तो जगतो, ‘आइश’ म्हणजे जगणारा आणि ‘आइशा’ म्हणजे जगणारी. ‘बरं चाललंय, सुखात आहे’ ही छटा धातूत थोडी आहे, त्यामुळे ‘समृद्ध’ला ओढूनताणून जागा करता येईल. ‘सुंदर’ आणि ‘राणी’ यांना धातूत काहीच आधार नाही.

‘जगणारी’ हे काय नाव झालं, असं वाटू शकतं. पण ज्या काळात पाळण्यातली निम्मीअर्धी पोरं हाती लागतील की नाही याची खात्री नव्हती, त्या काळात नाव हे मागणं असे. अरबीत अशी बरीच नावं आहेत: याह्या म्हणजे ‘तो जगतो’, उमरच्या मुळाशी आयुष्य, खालिद म्हणजे टिकून राहणारा. आपल्याकडे हेच मागणं उलट्या वाटेनं मागत. आधीची मुलं गेलेली असली की नव्या बाळाला धोंडू, दगडू, केरबा म्हणायचं, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावरून घसरून जाईल. अरबी आईनं आडवळण घेतलं नाही. जे हवं ते सरळ नावातच म्हटलं.

आता या धातूचं गोत पाहा. अरबी ‘ऐश’ म्हणजे जगणं. कैरोत ‘ऐश’ म्हणजे रोटी. ‘ऐश बलदी’ ही तिथली रोजची कोंड्यासकट पिठाची चपटी, फुगीर रोटी. २०११ सालच्या उठावात तिथल्या तहरीर चौकात ‘ऐश, हुर्रिया, अदाला’ अशी घोषणा घुमली. त्यातली पहिली मागणी भाकरीची, मग स्वातंत्र्य, मग सामाजिक न्याय. कुवेत, बहरीन, कतारच्या बोलीत मात्र ‘ऐश’ म्हणजे भात. ज्यावर माणूस जगतो त्यालाच जगणं म्हणायचं. देशावर ‘भाकरीचा प्रश्न’ म्हणतात तेव्हा तिथेही कुणी फक्त भाकरीबद्दल बोलत नसतं.

हाच शब्द फारसीत गेला आणि ‘मजेत जगणं’ या अर्थाकडे झुकला. तिथून आपल्याकडे आला तो ‘ऐषआराम’. धातूचं दुसरं रूप ‘मआश’, म्हणजे उपजीविका. मुघल काळात विद्वानांना, फकिरांना निर्वाहासाठी जमीन मिळे ती ‘मदद-इ-मआश’. जुनी कागदपत्रं चाळणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. इजिप्तमध्ये आजही निवृत्तिवेतनाला ‘मआश’ म्हणतात. आणि ज्याच्या उपजीविकेचा मार्ग वाईट तो बद-मआश, आपला बदमाश. नातीला हे सांगायला हरकत नाही, जरा मोठी झाल्यावर.

मराठीत आयशा लिहावं, आयेशा, आइशा की ऐशा? वर्गात एकाच नावाच्या तीन मुली आहेत आणि हजेरीपटात तीन तऱ्हा. — एक शिक्षिका, सातारा

नायब तहसीलदार कसं लिहिता? ‘नायेब’ नाही, ‘नाइब’ही नाही. उत्तर तिथेच आहे.

अरबीत क्रिया करणाऱ्याचा शब्द एका ठरावीक साच्यात बसतो: पहिलं अक्षर, मग ‘आ’, मग मधलं अक्षर ऱ्हस्व ‘इ’सह, मग शेवटचं. धातूचं मधलं अक्षर ‘य’ किंवा ‘व’ असेल तर ते या साच्यात टिकत नाही. त्याच्या जागी हमझा येतो, म्हणजे गळ्यात क्षणभर अडवलेला श्वास. त्यामुळे मूळ रूपं होतात ‘ना’इब’ (दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा), ‘का’इम’ (उभा राहणारा), ‘गा’इब’ (हजर नसलेला), ‘ला’इक’ (शोभणारा). स्त्रीलिंगी रूप केलं की शेवटी ‘आ’ लागतो: ‘फा’इदा’, ‘आ’इशा’. फारसी बोलणाऱ्यांनी तो अडवलेला श्वास सैल सोडून ‘य’ केला आणि मराठीला हे शब्द फारसीच्या हातून मिळाले. म्हणून आपण नायब, कायम, गायब, लायक, फायदा म्हणतो. त्याच रांगेत उभं राहणारं रूप आहे ‘आयशा’, आणि आमचा कौल त्यालाच.

‘आयेशा’ चूक आहे का? नाही. फारसीत ऱ्हस्व ‘इ’ ‘ए’कडे झुकते, त्यामुळे तिकडे ‘आयेशे’ म्हणतात. आपल्याकडे हे रूप रूढ व्हायला इंग्रजी स्पेलिंग आणि हिंदी चित्रपटांची श्रेयनामावली यांनी हातभार लावला. ‘आइशा’ हे मूळ अरबी उच्चाराला सर्वांत जवळचं, पण मराठी वाचक ते अडखळत वाचतो. ‘ऐशा’ मात्र टाळा. मराठी कान त्यात जुन्या कवितेतला ‘अशा’ ऐकतो. ‘ऐशा नराला’ वगैरे.

हजेरीपटात मात्र व्याकरण चालवू नका. ज्या मुलीच्या जन्मदाखल्यात जे आहे तेच लिहा, तीन तऱ्हा तर तीन तऱ्हा.

आम्ही मस्कतला असतो. इथले शेजारी आमच्या आयेशाला हाक मारतात ती वेगळीच ऐकू येते. नेमका उच्चार कसा करायचा? — एक आई

फरक पहिल्याच अक्षरात आहे. नावाची सुरुवात ‘ऐन’ या व्यंजनानं होते आणि मराठीत ते नाही. डॉक्टर घसा तपासताना ‘आ करा’ म्हणतात तसा ‘आ’ सुरू करा आणि जिभेचं मूळ मागे ओढून गळा खालच्या बाजूनं किंचित आवळा. आवाज दाबलेला, जरासा घोगरा निघतो, तो ऐन. खाकरण्यासारखा खरखरीत आवाज आला तर गळा फार वर आवळला गेला आहे. तो ‘ख़’ किंवा ‘ग़’च्या गावाला गेला.

पुढचं सोपं. ‘आ’ लांब, दोन मात्रांचा, आणि जोर त्याच्यावर. मग निमिषभर थांबून ऱ्हस्व ‘इ’. मग ‘शा’, हा शेवटचा स्वर आपल्या ‘शा’पेक्षा आखूड. मराठी माणसाची नेहमीची चूक म्हणजे शेवटचा ‘शा’ ताणणं. हाक मारताना तो ताणला जाणारच, त्याला इलाज नाही.

लाडाची रूपंही तिथे ऐकाल: अय्यूश, अय्यूशा. हाक मारताना शेवटचा तुकडा गाळून नुसतं ‘आइश’ म्हणण्याची अरबीत फार जुनी रीत आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या परंपरागत नोंदींत, त्यांनी पत्नी आयशा यांना ‘या आइश’ अशी हाक मारल्याचा उल्लेख येतो, तो या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला.

भाचीसाठी अरबी अक्षरांतलं सोन्याचं लॉकेट करायचं आहे. कारागिराला अरबी येत नाही, मलाही नाही. चूक कशी ओळखू? — एक मामा, जळगाव

लिपी येत नसली तरी मोजता येतं. या पाच खुणा तपासा.

अक्षरं पाच: ऐन, अलिफ, हमझा, शीन आणि गोल ते (अरबीत ‘ता मरबूता’). लिखाण उजवीकडून डावीकडे. नाव दोन तुकड्यांत दिसलं पाहिजे, कारण अलिफ आपल्या डावीकडच्या अक्षराला कधीच जोडला जात नाही. उजवा तुकडा ऐन आणि अलिफचा: डाव्या अंगाला उघडी नसलेली, उजवीकडे तोंड वासलेली छोटी कोर आणि तिला चिकटून उभी काठी. डावा तुकडा उरलेल्या तिघांचा: आधी एक दात, त्याच्या डोक्यावर इवलासा हमझा; मग शीनचे तीन दात, वर तीन टिंबं; शेवटी बंद वाटोळं, वर दोन टिंबं. म्हणजे दात चार, टिंबं पाच, हमझा एक. उर्दूच्या नस्तालीक वळणात शीनचे दात नाहीसे होऊन नुसती लांब रेघ राहते, तेवढी सूट द्या.

हमझाच्या दाताखाली दोन टिंबं दिसली तर ते बोलीतलं लेखन झालं. इजिप्तमध्ये सर्रास चालतं, पण सोन्यात कोरण्याजोगं नाही.

आता नेहमी होणारी चूक. कारागिराच्या संगणकातल्या कोरीवकामाच्या प्रणालीला उजवीकडून डावीकडे लिहिता येत नसेल तर ती पाचही अक्षरं सुटी करते आणि डावीकडून मांडते. दिसायला नक्षीदार, वाचायला काहीच नाही. पडद्यावर पाच सुटे तुकडे दिसले की तिथेच थांबवा. म्हणून त्याला मजकूर पाठवू नका. नाव आधी नीट उमटवून त्याचं चित्र पाठवा आणि ते जसंच्या तसं गिरवायला सांगा.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. मोबाइलवर उर्दू कळफलक असेल तर शेवटी गोल ते न येता उर्दूतली ‘छोटी हे’ येते, टिंबांशिवाय. उर्दू नाव म्हणून ते बरोबरच आहे. अरबी हवं असेल तर कळफलक अरबीचा घ्या. दोन टिंबं तेवढी द्यायची राहून गेली तर लॉकेट चुकलं म्हणून वितळवू नका, ते उर्दू झालं इतकंच.

या नावाला मुस्लिम घरांत एवढा मान का? आणि आमच्या ओळखीच्या शिया कुटुंबानं ते नको म्हटलं, ते का? — एक वाचक, मुंबई

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच व्यक्तीपाशी येतं. हजरत आयशा या पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या आणि पैगंबरांच्या पत्नी. पैगंबरांचं निधन ६३२ साली झालं. त्यानंतर त्या ४६ वर्षं हयात होत्या, ६७८ पर्यंत. त्या काळात मदिनेत लोक त्यांच्याकडे वारसाहक्क, घरगुती व्यवहार, उपासना यांचे प्रश्न घेऊन येत. पारंपरिक मोजणीनुसार त्यांच्या तोंडून आलेल्या हदीस २,२१० आहेत. ‘उम्मुल मोमिनीन’ म्हणजे श्रद्धावंतांची आई आणि ‘सिद्दीका’ म्हणजे सत्यवचनी या त्यांच्या पदव्या. ‘आयेशा सिद्दीका’ असं जोडनाव ठेवतात ते त्यावरून, आणि मुलींच्या अनेक मदरशांना हे नाव मिळतं तेही त्यावरूनच.

नावाभोवतीचं विद्येचं वलय पुढेही टिकलं. दमास्कसची सूफी कवयित्री आयशा अल-बाऊनिया (मृत्यू १५१७), कैरोची आयशा तैमूर (१८४०–१९०२), जिनं अरबी, तुर्की आणि फारसी तिन्हींत कविता केल्या, आणि आयशा अब्दुर्रहमान (१९१३–१९९८). या शेवटच्या विदुषी ‘बिंत अश-शाती’ म्हणजे ‘किनाऱ्याची लेक’ या टोपणनावानं लिहीत. त्यांचं कुराणाच्या भाषाशैलीवरचं काम अभ्यासक आजही वापरतात.

शिया परंपरेत चित्र निराळं आहे. तिसरे खलिफा उस्मान यांच्या हत्येनंतर ६५६ साली बसऱ्याजवळ लढाई झाली. एका बाजूला चौथे खलिफा अली, दुसऱ्या बाजूला आयशा, तल्हा आणि जुबैर. आयशा उंटावरच्या अंबारीत होत्या, म्हणून तिला ‘उंटाची लढाई’ म्हणतात. अलींना इमाम मानणाऱ्या घरांत त्यामुळे हे नाव क्वचितच आढळतं. तिथे फातिमा, झैनब, सकीना ही नावं जवळची. त्या कुटुंबानं नाव नाकारलं त्यात तुमचा अनादर नव्हता. नाव सुचवताना घर कोणत्या परंपरेचं आहे ते आधी विचारावं, एवढंच.

आम्ही दोघंही हिंदू. नाव आवडलं म्हणून ठेवायचं म्हणतो, घरचे कुरकुरतात. आणि हे मूळ ‘आयुष्य’वरूनच आलं ना? — एक जोडपं, पुणे

शेवटचं आधी: नाही. संस्कृत ‘आयुस्’ आणि अरबी ‘ऐश’ यांचं नातं नाही. कानाला जुळतात तो योगायोग. अर्थ मात्र शेजारी बसतात. ‘आयुष्मती’ हे त्यातल्या त्यात जवळचं भाषांतर म्हणता येईल. घरच्यांना पटवायला ‘आयुष्यच ते, नुसतं अरबीत’ असं सांगू नका. कुणीतरी शब्दकोश उघडेल.

पटवायचंच असेल तर एक खरा दाखला घ्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांना जवळची माणसं जन्मभर ‘आयेशा’ म्हणत. त्यांचा जन्म १९१९चा, लंडनचा. आई इंदिराराजे, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या. त्या गरोदरपणात रायडर हॅगार्ड यांची एक इंग्रजी कादंबरी वाचत होत्या आणि मुलगी झाली तर तिच्या नायिकेचं नाव द्यायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे मराठी राजघराण्यातल्या आईनं शंभर वर्षांपूर्वी हे केलेलं आहे, तेही केवळ आवडलं म्हणून.

नाव मुस्लिम समजलं जाईल का? हो, बहुतेकदा जाईल. मुलीला ते आयुष्यभर सांगत बसावं लागेल किंवा लागणारही नाही. निर्णय तुमचा, पण हा भाग धरून घ्या. रास बघणार असाल तर ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास मेष.

इथे दार-ए-सलामला कितीतरी मुस्लिम बायकांचं नाव ‘आशा’ असतं. आपलंच का? — एक वाचक, टांझानिया

आपलं नव्हे. आपली आशा संस्कृत, अर्थ उमेद. तुमच्या शेजारणीची ‘आशा’ म्हणजे आयशाच. स्वाहिलीनं ऐन टाकला, हमझा गिळला, आणि उरलं आशा. स्वाहिलीत जीवनाला ‘माइशा’ म्हणतात, तोही याच धातूचा, अरबी ‘मईशा’वरून आलेला.

हे नाव प्रवासात कुठे काय टाकतं ते पाहणं मजेचं आहे. अरबीत नावाच्या शेवटी एक ‘त’ दडलेला असतो. थांबलं की तो ऐकू येत नाही, पुढे बोलत राहिलं की येतो. नायजेरियाकडच्या हौसा भाषिकांनी तो पकडून ठेवला: ‘आइशातू’. सेनेगल-गिनीकडे त्याचं ‘आइसातू’ झालं आणि मालदीवमध्ये ‘आइशत’. तुर्कांनी उलट सगळं छाटून ‘आय्शे’ केलं. तिथे ते इतकं घरगुती आहे की कोवळ्या शेंगांच्या एका जातीला ‘आय्शेकादिन’, म्हणजे आय्शेबाई, म्हणतात. कोकणात तेच ‘आयशाबी’ होतं.

बाळाचा अकीका विधी सातव्या दिवशी झाला, नाव ठरलं. पण इंग्रजी स्पेलिंगवर घरात एकमत नाही. दाखल्यात नावाची जागा रिकामी ठेवता येते का? — एक वडील, भिवंडी

येते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. ती नावाशिवाय होते. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांत नाव दिलं तर विलंब शुल्क नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून देता येतं. घाईनं चुकीचं देण्यापेक्षा महिनाभर भांडून घेतलेलं बरं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे पुढची सगळी कागदपत्रं याच स्पेलिंगच्या मागे जातील.

पर्याय खरं तर दोनच. ए-आय-एस-एच-ए हे अरबी देशांत सर्वांत ओळखीचं आणि मूळ लेखनाला जवळचं. ए-वाय-ई-एस-एच-ए भारतात जास्त दिसतं. मुलगी पुढे आखातात जाण्याची शक्यता असेल तर पहिलं घ्या: तिथे रोमन अक्षरांवरून नाव पुन्हा अरबीत लिहिण्याची वेळ येते तेव्हा ते सहज ओळखलं जातं. अंकशास्त्रासाठी सुरुवातीला जादा ‘ए’ लावणं आम्ही सुचवणार नाही; एका कागदावर तो राहतो, दुसऱ्यावर गळतो, आणि संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली होतात.

नोंदीत चूक झालीच आणि ती सिद्ध करता आली तर निबंधक दुरुस्ती करतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात लिहितात. मन बदललं म्हणून स्पेलिंग बदलणं ही मात्र ‘चूक’ नव्हे. नावात बदल म्हटला की राजपत्राची वाट धरावी लागते.

जुळ्या मुली आहेत. एक आयशा, दुसरीसाठी ‘मायशा’ सुचवलं आहे. अर्थ ‘डौलात चालणारी’ म्हणतात. — एक मावशी, नांदेड

डौलात चालणारी ती ‘माइसा’, ‘स’वाली, धातू वेगळा. ‘श’ लावलात की नाव स्वाहिली ‘माइशा’कडे जातं, म्हणजे पुन्हा जगणंच. जोडी अर्थानं सुरेख जुळते, पण दोन्ही नावं एका श्वासात हाक मारून बघा. जिन्यावरून ओरडल्यावर दोघी धावत येतील. अर्थ तोच आणि आवाज वेगळा हवा असेल तर ‘हयात’ आहे. धातू निराळा, अर्थ जीवन. आजोबा दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देत असतील, तर त्यांना तो समजावूनही सांगावा लागणार नाही.